अकरा सेकंदांची काच

मी त्रिंबक सोपान पांचाळ, वय ४९, धंदा सुतारकाम, राहणार केज, जिल्हा बीड, देव्हाऱ्यापुढे बसून, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवतो. गुरुवारी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. परत याल, असे डॉक्टर म्हणतात. नक्की याल, असे म्हणत नाहीत.

१. राहते घर व बँकेतील ठेव पत्नी वनिता हिची.

२. रंधे, करवती, पटाशा मुलगा सौरभ याला. मोठी पटाशी माझ्या वडिलांची आहे. त्या पटाशीने रंगाचे डबे उघडू नयेत.

३. पुढच्या खोलीतले टेबल फुटबॉल वनिताचे. पुण्यात कामाला असताना हा खेळ पाहिला आणि गावी येऊन सागवानाचे टेबल केले. आठ दांडे, कडुलिंबाच्या लाकडात कोरलेले बावीस खेळाडू. वीस वर्षे स्पर्धा भरवल्या. मान्यतेचा अर्ज एका साहेबांनी "हा खेळ नव्हे, खेळणं आहे" म्हणून परत केला. त्यांना मी माफ केलेले नाही, देवाने करावे.

स्पर्धा बघायला आलेल्या टीव्हीवाल्याचे म्हणणे मात्र खरे होते. "काका, गेम भारी आहे, पण दिसतं काय? नुसत्या खेळणाऱ्यांच्या पाठी." चेंडू बोराएवढा, सगळा डाव मनगटात. लोक ओरडल्यावर कळते की गोल झाला. म्हणून कॅमेऱ्यासाठी टेबलाच्या एका बाजूची, दांड्यांखालची फळी कापून मी काच बसवली. कल्पना माझीच. माझा जोडीदार आश्रुबा म्हणाला, "बसव बे, दिसू दी जगाला." तिसऱ्या गोलाला काच फुटली आणि झुकलेल्या आश्रुबाचे मनगट तिच्यात गेले. टीव्हीवर अकरा सेकंद दाखवले. गोल नाही, नावे नाहीत. फक्त रक्त.

४. तोच टीव्हीवाला येत्या रविवारी पुन्हा येणार आहे. सौरभने परस्पर होकार दिला. फोनवर तो हसत विचारत होता, "मागच्यासारखं काही होईल ना?" सौरभही हसला. काल त्याने खोलीला आतून कडी लावली. करवतीचा आवाज मी खाटेवरून ऐकला. आता बाहेर कुलूप आहे, किल्ली त्याच्या खिशात. मला म्हणाला, "आबा, काच लई जाड हाय, न्हाई फुटायची. दवाखान्यात टीव्ही हाय, तुमी बघा. तुमचंच नाव हुईल." मागची काचही जाडच होती. गोलकीपरच्या दांड्यावर, काचेच्या बाजूला, सौरभ स्वतःच उभा राहणार आहे.

५. मी गेलो तर त्या क्षणापासून टेबल वनिताचे. तिने कुलूप तोडावे आणि आश्रुबाच्या देखत काचेच्या जागी लाकडी फळी ठोकून घ्यावी. जगाला दिसायच्या तर पाठी दिसाव्यात. सौरभ अडवू लागला तर टेबल चुलीत घालावे, आधी खेळाडू. हे पार पाडण्याचा अधिकार आश्रुबाला देतो. वाचलो, तरी रविवारी मी खाटेवरच असेन. तेव्हाही हीच माझी आज्ञा समजावी.

दवाखान्यातला टीव्ही बंद ठेवायला मी सांगितले आहे.

ठिकाण : केज
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५
लिहून देणार : त्रिंबक सोपान पांचाळ (सही)

साक्षीदार :
१. चंद्रभागाबाई मोरे, शेजारी (अंगठा)
२. आश्रुबा गणपती तांदळे (सही, डाव्या हाताने, उजव्यात पेन धरवत नाही)