कॅसेटवरचं ऊन

आई, ताईच्या लग्नात तू भाताची परात घेऊन पंगतीत उभी होतीस आणि व्हिडिओवाल्यानं त्याचा दिवा थेट तुझ्या तोंडावर धरला, तेव्हा तू त्याला काय म्हणालीस? मला सांगता येत नाही. गेले चार रविवार मी तेवढंच बघते आहे. तू पदर आडवा धरतेस, मग खाली घेतेस, तुझे ओठ हलतात, आणि तू हसते आहेस की वैतागली आहेस हे कळायच्या आत दिवा पुढच्या ताटाकडे जातो. सगळे मिळून एकोणीस सेकंद. आवाज नाही, कारण तेव्हाच्या रीतीप्रमाणे व्हिडिओवाल्यानं सबंध लग्नावर सनई आणि सिनेमाची गाणी चढवली होती. तुझे फोटो दोन आहेत, पण दोन्हींत तू श्वास रोखून उभी आहेस. हलणारी, बोलणारी तू एवढीच.

ताईला त्या कॅसेटची डीव्हीडी करून हवी आहे. आता व्हीसीआर कुणाकडे उरला नाही आणि मी घरातली पहिली पदवीधर, कोथरूडच्या कंपनीत कॉम्प्युटरवर बसणारी, म्हणून काम माझ्याकडे आलं. मी ऑफिसात काय करते ते तुला सांगायचं राहूनच गेलं. तू मार्केट यार्डात कांदा निवडायचीस ना, तसंच. दुसऱ्यांनी केलेल्या कामात नासकं कुठे आहे ते शोधायचं. मला वाटलं, एका दुपारचं काम आहे. पण डिस्कवर जागा ठरलेली असते आणि दर सेकंदाच्या चित्राला त्यातली किती द्यायची, ते आपल्याला आधी सांगावं लागतं. त्याला बिटरेट म्हणतात. भरपूर दिली तर चित्र चांगलं येतं, पण तासाभरात डिस्क भरते. हात आखडता घेतला तर तीन तासांचं लग्न एका डिस्कवर मावतं, पण कुठेतरी काटकसर होणारच. ती नेमकी अंधारातल्या, हलत्या माणसांवर होते. पहिल्या खेपेला मी सगळं एकाच डिस्कवर बसवलं. स्टेजवरची ताई ठीक दिसत होती. मांडवाच्या टोकाला, जिथे तू होतीस, तिथे नुसते तपकिरी चौकोन हलत होते. दुसऱ्या खेपेला जागा वाढवली, पण दुसरीच चूक झाली. टीव्हीचं प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत काढलेलं असतं, एक ओळ सोडून एक, आणि कुठलं अर्धं आधीचं ते मी उलट सांगितलं. मग तू पंगतीतून चालताना एक पाऊल पुढे, अर्धं मागे, परत एक पुढे, अर्धं मागे, अशी थरथरत येत राहिलीस. भर दुपार होती, खाली भाजीवाला ओरडत होता, तरी मी खुर्ची मागे सारून उठले आणि स्क्रीन बंद केला.

ऑफिसात एक जुने गृहस्थ आहेत, त्यांना यातलं कळतं. त्यांना विचारलं, की आकडा अजून वाढवला तर चेहरा स्पष्ट येईल का. चष्म्यावरून बघत म्हणाले, "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? कॅसेटवर जे आहे तेवढं जपलंत तरी पुष्कळ झालं." मग खुर्ची ओढून त्यांनी नीट शिकवलं. प्रोग्रामला सगळं लग्न आधी एकदा नुसतं वाचू द्यायचं, म्हणजे जागा कुठे हवी ते त्याला कळतं, आणि दुसऱ्या फेरीत लिहू द्यायचं. शेवटी त्यांनी एक फिल्टर दाखवला. कॅसेटवरचे ओरखडे आणि मुंग्या तो पुसून काढतो.

ताईला हेच हवं होतं. फोनवर म्हणाली, "पंगतीत त्या पांढऱ्या रेघा येतात बघ, तेवढं आईचं ऊन पुसून टाक. नाहीतर तुझ्या त्या डिग्रीचा उपयोग काय गं?" घरात त्या रेघांना हेच नाव आहे. आईनं कॅसेट उन्हात वाळत घातली, म्हणून ती खराब झाली. ताईची मुलंसुद्धा हसत हसत हे सांगतात.

माझ्या बारावीच्या वर्षीचा मे महिना आहे. धायरीच्या गच्चीवर गोधड्या, कुरडया, ट्रंकेतल्या साड्या, सगळं उन्हाला पडलंय. तू यार्डात निघालीस आणि जाताजाता कॅसेटही गोधडीच्या कडेला ठेवलीस. "पावसाळ्यात बुरशी धरती तिला. जरा ऊन लागू दे. पर अकराच्या आत उचल बरं का, मग लई तापतं." मी मान हलवली. बारावी झाली होती, प्रवेशपरीक्षेचं पुस्तक मांडीवर होतं, आणि पुस्तक मांडीवर असलं की मला कुणी काही विचारत नसे. मला आठवलं तेव्हा चार वाजले होते. कॅसेटचा चटका बसला हाताला. ती गार होऊ दिली आणि ट्रंकेत तुझ्या साड्यांखाली ठेवली. टेप मधेच, पंगतीपाशी थांबलेली होती, तेवढाच भाग भाजला होता. पण हे पुढे कळलं.

कळलं ते जूनमध्ये. ताई सासूबाईंना घेऊन आली होती, शेजारून व्हीसीआर आणला होता. पंगत आली आणि चित्र वाकडं झालं, पांढऱ्या रेघा धावायला लागल्या. सासूबाई म्हणाल्या, "अगंबाई, हे काय झालं?" कुणी माझ्याकडे बघितलंही नव्हतं. तरी मीच बोलले. "आईनं उन्हात ठेवली होती. कॅसेट काय पापड आहे? इतका कसा गं अडाणीपणा!" तू चहाचे कप गोळा करत होतीस. एकदाच माझ्याकडे बघितलंस. अकराच्या आत उचल, हे तुझ्या लक्षात होतं, माझ्याही होतं. मग तू त्यांच्याकडे वळून म्हणालीस, "व्हय, माझंच चुकलं बाई. मला काय कळतंय त्यातलं." त्याच पावसाळ्यात तुला कावीळ झाली आणि पोळ्याच्या आधी तू गेलीस. कॅसेटला खरोखरच बुरशी धरते, हे मी नोकरीला लागल्यावर एका माहितीपुस्तकात वाचलं. तुला कुणी सांगितलं होतं, देव जाणे. बहुतेक कुणीच नाही.

गेल्या रविवारी फिल्टर लावून बघितला. रेघा गेल्या. एकही उरली नाही. हा प्रोग्राम मागचंपुढचं चित्र ताडून बघतो आणि जे क्षणभरच दिसतं त्याला कचरा समजतो. तुझे ओठही क्षणभरच हलले होते. स्वच्छ चित्रात तू पदर खाली घेतेस आणि मेणाच्या बाहुलीसारखं तोंड मिटून उभी राहतेस. मी काहीही म्हटलं तरी गप्प राहशील अशी. मी ते दोनदा पाहिलं. खरं सांगते, तरीही मला ते चित्र ठेवावंसं वाटलं होतं. त्यात माझा काहीच गुन्हा दिसत नव्हता.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? लिहून वहीत ठेवते आहे. तुला अडाणी म्हटल्याची माफी मागायला बसले होते, ती तर अजून मागितलेलीच नाही. पण आज सकाळी फिल्टर काढून टाकला, लग्न तीन डिस्कवर पसरलं, प्रत्येक तासाला त्याची पुरती जागा दिली. डिस्क ताईकडे नेऊन दिल्या. सासूबाई सोफ्यावर बसल्या होत्या, मुलं जमिनीवर. रेघा आल्या तशी मुलं खिदळली, "आलं आजीचं ऊन!" मी टीव्ही थांबवला आणि सगळ्यांदेखत सांगितलं की कॅसेट आईनं नाही, मी भाजली.