काळ्या स्क्रीनवरचे ठिपके

प्रिय चिंगे,

दुकान विकायला काढलंय. वाचून उडालीच असशील, पण आधी सगळं वाच आणि मग माझ्या नावाने खडे फोड. अक्षर वेडंवाकडं आलंय, चालवून घे.

गेल्या महिन्यात कार्टून बनवणारी एक मुलगी आपलं जुनं ग्राफिक्स कार्ड घेऊन आली. नवं परवडत नाही, याचाच वेग वाढवून द्या म्हणाली. असलं काम कितीतरी दिवसांनी आलं, मी भलताच खुशीत. कॉम्प्युटरचा डबा उघडा टाकला, समोर टेबलफॅन लावला आणि आपल्याच रीतीने निघालो: वेग पंधरा मेगाहर्ट्झने वाढवायचा, अर्धा तास टेस्ट चालवायची, तापमान आणि मिळालेले गुण वहीत लिहायचे, मग पुन्हा पंधरा. कॉलेजात असताना तू स्क्रीनला नाक लावून बसायचीस. टेस्टमधल्या फिरणाऱ्या गोळ्यावर पांढरा ठिपका चमकला की मला करकचून चिमटा. ठिपका म्हणजे कार्ड दमलं, एक पाऊल मागे. मी कितीही शहाणपणा मिरवला तरी तो आधी तुलाच दिसायचा.

या वेळी पहिल्याच पायरीला ठिपके आले. मागे घेतलं, तरी होतेच. कंपनीच्या मूळ वेगावर आणलं, त्याच्याही खाली आणलं, हटेनात. तापमान जेमतेम साठ. मी त्या मुलीला तिचं कार्ड मेलं म्हणून सांगून मोकळा झालो. ती बिचारी कार्ड पिशवीत टाकून निघून गेली. दुसऱ्या दिवशी कोरं कार्ड लावलं, तर त्यावरही तेच. वायर बदलली, मॉनिटर बदलला. शेवटी वैतागून स्क्रीनच बंद केली, आणि काळ्या काचेवर ठिपके तसेच चमकत राहिले. भिंतीकडे पाहिलं, तिथेही होते. म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं, असा प्रकार. मुलीला फोन केला, तर तिने कार्ड भंगारात देऊन टाकलं होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी बरंच तपासलं. डोळ्याच्या आतला पडदा कडेकडेने मरत चाललाय म्हणाल्या. औषध नाही, ऑपरेशन नाही. बाजूचं दिसणं बरंचसं गेलंच आहे. मला पत्ताच नव्हता, मी आपला रस्त्यात लोक धडकतात म्हणून त्यांच्यावरच खेकसत होतो. वर्षा-दोन वर्षांत समोरचंही जाईल. दुसरीकडे दाखवलं, तिथेही तेच ऐकलं. चिंगे, मला फार भीती वाटते गं. दिवसभर मी दुकानात नुसता बसून असतो.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. बाबा शेवटी भिंत चाचपत चालायचे, आपण मोतीबिंदू समजून चालढकल केली. तो मोतीबिंदू नव्हता. हे रक्तातून येतं. डॉक्टरबाईंनी भावंडं किती विचारलं, मी एक बहीण म्हणालो आणि तसाच उठून बाहेर आलो. कारण मागच्या रविवारी तूच सांगत होतीस, की अंधारून आलं की जिन्याची शेवटची पायरी तुला सापडतच नाही. तू हसलीस, मीही हसलो. उद्याच्या उद्या डोळे दाखव. उपाय नाही हे माहीत असूनही सांगतोय. माझी शंका खोटी ठरली तर दोन ओळी लिही. खरी ठरली तर काही लिहू नकोस, तशीच निघून ये. अजून आपल्याला एकमेकांचा चेहरा दिसेल.

तुझाच,
दादा