कामवाटपाचा तक्ता

१२ मार्च

प्रिय छोटे,

तुझं पत्र येऊन पाच आठवडे झाले आणि मी साधी पोचही दिली नाही, माफ कर. तू एकच गोष्ट विचारली होतीस: ताई, परत आले तर संशोधनाला वेळ मिळेल का? मी आधी लिहिलं, मिळेल. मग खोडून लिहिलं, मिळत नाही. मग, मिळवावा लागतो. तिन्ही खरी वाटतात आणि तिन्ही खोटी. माझ्याच विभागातली जागा घ्यायची की तिथे परदेशातच राहायचं, हे तुला महिनाअखेर कळवायचंय. बाबा रोज चहा घेताना विचारतात, छोटीला लिहिलंस का? मी म्हणते, लिहितेय.

मी परत आले तेव्हा शेवाळाच्या चारशे काचपट्ट्या सोबत आणल्या होत्या. नऊ वर्षांत साठ सूक्ष्मदर्शकाखाली पाहून झाल्या. पहिल्याच महिन्यात विभागप्रमुख म्हणाले, तुम्ही बाहेर राहून आलात, तुम्हाला शिस्त आहे, वेळापत्रक तुम्हीच करा. मग प्रवेश समिती, हॉस्टेल समिती, परीक्षा, ग्रंथालय, तक्रारी. आता सहा कामं आहेत. आमचे हेडक्लार्क म्हणतात, मॅडम, उद्या कुणाच्या घरी लग्न निघालं तरी समितीवर तुम्हीच. मी हसले, आणि घरी आल्यावर विचार करत बसले की हसले का.

पण नुसतं रडगाणं गावं, तर तेही खरं नाही. गेल्या वर्षी एका मुलीचं नाव हॉस्टेलच्या यादीतून राहून गेलं होतं. तीन दिवस भांडून मी तिला खोली मिळवून दिली. ती बॅग ओढत जिना चढली तेव्हा मला जो आनंद झाला, तो माझ्या एकाही लेखानं दिला नाही. मग माझं नेमकं बुडतंय काय? की उरलेल्या काचपट्ट्यांत काहीच सापडलं नाही तर, या भीतीनंच मी समित्यांना हो म्हणत गेले? कळत नाही गं.

मागच्या सोमवारी मी वर्षभराची अभ्यासरजा मागितली. प्रमुख म्हणाले, खुशाल घ्या, फक्त तुमची सहा कामं कोण करणार ते तक्त्यात भरून द्या. मी तुझं नाव भरलं. सहाही रकान्यांत. तू हो म्हणायच्या आधीच. आणि त्याच दुपारी तुला लिहिलं, ये गं, वेळ मिळेल, तुझी फार आठवण येते. ते पत्र अजून माझ्या पर्समध्येच आहे. आठवण येते हे खरंच आहे, पण ती आधी आली की रजा आधी सुचली, हे माझं मलाच सांगता येईना. म्हणून हे दुसरं पत्र. तक्त्यातून तुझं नाव काढलं की माझी रजा गेली, हेही दिसतंय. येऊ नकोस असं मी म्हणत नाहीये. ये म्हणायचंही धाडस होत नाही.

तुझीच,
ताई

(त्याच रात्री, ताईच्या डायरीत) उद्या: विभागप्रमुखांकडून तक्ता परत आणून छोटीचं नाव खोडणे.