केंदाळाला मूळ असतं, बाई

बाई, केंदाळाला मूळ असतं. एवढंच सांगायला बसलो होतो, पण माझा हात एकदा कागदावर टेकला की लवकर उठत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. निबंधाला पुरवणी मागणारा वर्गात मी एकटाच होतो.

तुम्ही जाऊन आता इतका काळ लोटलाय की तुमचा आवाज आठवत नाही, कविता म्हणतानाची चाल तेवढी राहिलीय. कधी संध्याकाळी पाय पसरून बसलो की ती चाल येते आणि तिच्यामागून शब्द येतात. शिवाजी पेठेतली आपली शाळा, मागं पाण्यानं भरलेली दगडाची जुनी खण, आणि ती खण झाकून टाकणारं केंदाळ. पुस्तकात त्याला जलपर्णी म्हणतात, पण तो शब्द आमच्या जिभेला कधी बसला नाही. एका सकाळी ते सगळं एकदम फुललेलं दिसलं आणि मी वहीत लिहिलं, ‘पाण्यावरती जांभळी शाल, कोणी पांघरली, विसरून गेली.’ तुम्ही ते वर्गात वाचून दाखवलंत. पहिल्यांदा चालीत वाचलंत, म्हणून मी फुगलो. मग चष्मा वर केलात.

“त्या खणीतलं पाणी कोण पितं रे?”

“कोण न्हाय बाई. म्हशीबी न्हाईत पीत.”

“मग शाल कशाला म्हणतोस? गळा आवळलाय त्यानं पाण्याचा.” वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. खिडकीबाहेर नळाजवळ डाळिंबाचं झुडूप होतं, तिकडं बोट केलंत. “हे डाळिंब आणि ते केंदाळ. फरक सांग.”

“डाळिंब जमिनीवर असतंय, केंदाळ पाण्यावर.”

“आणखी?”

“डाळिंब खात्यात.” पुन्हा हशा. मागच्या बाकावरचा कोणीतरी म्हणाला, “बाई, ह्यो पिकायच्या आधीच खातोय.” खरं होतं ते.

मग तुम्ही म्हणालात, “डाळिंबाला मूळ असतं. केंदाळाला नसतं. वारा नेईल तिकडं जातं ते. तुझं तसंच आहे, कविराज. फुलतोस छान, पण मूळ नाही.” रागानं म्हणाला असतात तर मी विसरून गेलो असतो. तुम्ही ते व्याकरण सांगावं तसं सांगितलंत. वर्ष संपताना डालड्याच्या डब्यात डाळिंबाचं रोप घालून माझ्या हातात दिलंत. “याला फळ धरलं की कविता घेऊन ये. त्याच्या आधी नको.”

बाई, डाळिंबाइतकं फसवं झाड नाही. आधी फुलतं ते नुसतं गळायलाच. लालभडक फुलं खाली पडलेली असतात, बघणाऱ्याला वाटतं काय बहर आलाय, आणि फांदीवर एक धरलेलं नसतं. मी कॉलेज सोडलं, पाटबंधाऱ्याच्या कचेरीत चिकटलो, लग्न झालं, आणि झाड आपलं फुलं गाळत होतं. मग गडहिंग्लजला बदली झाली. झाड काही उपटून नेता येत नव्हतं. बायको म्हणाली, “हे झाड हाय का व्याही? जाईल तिथं संगट न्यायला?” म्हणाली, आणि पावसाळ्यात तिनंच गुटी बांधली. फांदीची साल गोल काढायची, तिथं ओलं शेवाळ गुंडाळून वर प्लॅस्टिक आवळायचं. महिना-दीड महिन्यानं त्या जखमेतूनच मुळं फुटतात. मग फांदी खालून कापायची, की नवं झाड तयार. एसटीत कंडक्टर विचारतो, “पावणं, ह्या झाडाचं तिकीट?” ती म्हणते, “लेकरू हाय, अर्धं काढा.” सगळी गाडी हसतेय आणि ती गंभीर चेहऱ्यानं रोपाला पदराची सावली धरून बसलीय. अजून तशीच दिसते मला.

गडहिंग्लजला पहिलं फळ धरलं. लिंबाएवढं झालं तेव्हा मी कोल्हापूरची गाडी धरली. शाळेत शिपायानं सांगितलं, बाई मागच्या उन्हाळ्यात गेल्या. मी नळापाशी जरा वेळ उभा राहिलो आणि परत आलो. पुढं जयसिंगपूरला गुटीनंच गेलो, आणि तशाच गुटीनं इथं कोल्हापुरात परत आलो. आता घरामागच्या परड्यात उभं आहे ते तुमच्या झाडाच्या फांदीच्या फांदीची फांदी. याला तुम्ही मूळ धरणं म्हणाल का वाहत जाणं, मला आता सांगता येत नाही.

हे सगळं आज उकरून काढायचं कारण असं. उन्हाळ्यात मी ह्याच झाडाखाली पडलो. खुबा वाचला, पण भरवसा गेला. बायको जाऊन काही वर्षं झालीत, घरात मी एकटाच. मुलगा पुण्याहून रोज फोन करतो. “आण्णा, बास झालं आता. इकडं या.” मी म्हणतो, झाडाचं काय. “बाल्कनीत कुंडी ठिवू की.” अकरावा मजला आहे त्याचा. एकदा म्हणाला, “तुमचं मूळ तिथं हाय, मान्य हाय. पण रात्री तुमचा फोन उचलला न्हाय की मला इथं झोप लागत न्हाय, त्याचं काय करू?”

मग पावसाळ्यात गुटी बांधली. जायचं म्हणून नव्हे, हाताला सवय म्हणून. नर्सरीपर्यंत पाय नेत नव्हते. शेजारी म्हशी पाळणारी बाई आहे, तिला शेवाळ मागितलं. ती म्हणाली, “शेवाळ कुठनं आणू? नदीच्या काठाला हे साठलंय ढिगानं. चालंल का बघा.” आणि केंदाळाचा भारा आणून टाकला. भारा उलटा पडला होता. बाई, आयुष्यात पहिल्यांदा मी केंदाळ खालून बघितलं. हातभर मुळं होती. काळीभोर, केसासारखी, पाणी निथळत होतं. म्हणजे मूळ होतं, भरपूर होतं. फक्त त्याला धरायला काही मिळालं नव्हतं.

त्याच मुळांनी गुटी बांधली. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, “काय आण्णा, झाडाला प्लॅस्टर? त्येबी पडलं व्हय?” म्हटलं, दोघांचं एकाच दवाखान्यात चाललंय.

आज दुपारी प्लॅस्टिक सोडलं. केंदाळाच्या काळ्या मुळांच्या गुंत्यात डाळिंबाची पांढरी मुळं शिरली होती. कोणतं कोणाचं, ते सोडवायला गेलो तर नवं तुटायला लागलं, म्हणून सोडवलं नाही. तुम्ही वर्गात असता तर म्हटलं असतं, बाई, फरक सांगता येत नाही.

फांदी कापली, ओल्या गोणपाटात गुंडाळून मोरीत ठेवली. मग मुलाला फोन केला. “कधी येतोस न्यायला?” म्हटलं. तो म्हणाला, “उद्याच येतो की.” दमलोय बाई. कुठंतरी न्यावं कुणीतरी, असं वाटायला लागलंय, आणि ते वाटण्याची लाजही आता वाटत नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, त्यामुळं ते इथंच राहील. जाता जाता एक सांगून टाकतो, तुमच्यासमोर कधी धीर झाला नसता. डाळिंब मला तेव्हाही फारसं आवडत नव्हतं, आताही नाही. बिया दातात अडकतात. इतकी वर्षं ते गावोगाव नेलं ते तुम्ही दिलं म्हणून. त्या भाऱ्यात केंदाळाचं एक फूल होतं, अर्धं चेंगरलेलं. ते मी पेल्यात पाणी घालून खिडकीत ठेवलं, आता सुकलंय, तरी काढलेलं नाही. मला अजून ते शालीसारखंच दिसतं.