सुमनच्या कागदावरचा आकडा

शेलूबाजार, माघातली सांज, १९७४

मी बोलते, नातसून सुमन लिहिते. आज डॉक्टरनं तिचं पोट चाचपलं अन् कागदावर रोगाच्या नावाऐवजी नुसता आकडा टाकला. पोरगी हाय का बाजारातला बैल? म्हणे, "आजी, हा सरकारी यादीतला रोगाचा नंबर हाय. वार खाली, बाळाच्या वाटेत असंल. अकोल्याले न्या." वार तर पोर जन्मल्यावर मागून पडते! परवा डोहाळजेवण, अन् हा आकडा टाकून काय लपवून राह्यला? "रक्त जातं का?" त्यानं विचारलं, तवा सुमन नाही म्हणाली.

आता लिहिताना तिचा हात काहून थांबला?

"आजी, दोनदा गेलं. दुखलं नाही. सांगितलं असतं तर तुमी डोहाळजेवण मोडलं असतं."

मी त्या आकड्यावर संशय घेते, अन् लपवणारी माझ्याच पुढ्यात! सुमे, डोहाळजेवणाची हिरवी साडी पिशवीत घाल. सकाळच्या एस.टी.नं निघू, अकोल्यालेच नेस.