डॅमसनची ब्राउन एल आणि शेजारचा एल्विन

२४ ऑगस्ट
ठरलं. यंदा गावच्या शोच्या स्पर्धेत घरगुती बिअरचा पहिला नंबर माझा. गेल्या वर्षी शेजारच्या एल्विन थ्वेटने साध्या ब्राउन एलवर, म्हणजे तपकिरी बिअरवर, बक्षीस मारलं आणि माझ्या बाटलीला परीक्षकांनी चिठ्ठी लावली: 'पिता येते.' बस्स. त्यामागे कोणाचा हात होता, हे अजून सिद्ध करता आलेलं नाही. पण आयुष्य पोस्टाच्या काउंटरवर गेलंय. माणूस बघताक्षणी ओळखतो मी.

२५ ऑगस्ट
रेसिपी स्वतःचीच हवी. मुख्य भर फिक्या माल्टवर, म्हणजे मोड आणून भाजलेल्या जवावर. गोडव्याला क्रिस्टल माल्ट, भाजक्या चवीला ब्राउन माल्ट, रंगाला किंचित चॉकलेट माल्ट. मेव्हिसने विचारलं, त्यात चॉकलेट असतं का? नसतं म्हटल्यावर म्हणाली, मग उपयोग काय? चाळीस वर्षांचा संसार, आणि हा पाठिंबा.
कडवटपणासाठीच्या हॉप्सच्या कळ्या बेतानेच. फळ बोललं पाहिजे.

२६ ऑगस्ट
फळ कोणतं? स्ट्रॉबेरीचा रंग टिकत नाही. केळं म्हणालो तर मेव्हिस म्हणाली, केळं आणि तू, दोघंही शेडमध्ये राहा.
संध्याकाळी सुचलं. डॅमसन, छोटे रानटी आलुबुखार! परसात आपलंच झाड, आंबटजांभळ्या फळांनी वाकलेलं. भाजक्या माल्टवर तो आंबटपणा म्हणजे काय विचारता! ही कल्पना आजवर कोणाला सुचलेली नाही. मेव्हिस म्हणाली, तुझ्या आजोबांना सुचली होती. दुर्लक्ष केलं.
झाडाची एक फांदी भिंतीवरून एल्विनकडे गेलीय. हे लक्षात ठेवायला हवं.

२९ ऑगस्ट
काढा उकळला. घरभर बिस्किटांचा वास. भिंतीवरून एल्विनचं डोकं वर आलं. "काय रे क्लेमेंट, बेकरी काढलीस?" म्हटलं, कपडे उकळतोय. म्हणाला, "कपड्यांना माल्टचा वास बरा येतो तुझ्या!"
नाक भलतंच तिखट आहे. खिडक्या लावून घेतल्या. मेव्हिस परसात जाऊन बसली.
काढा गार करून यीस्ट घातलं. बादली शेडमध्ये. कुलूप.

३१ ऑगस्ट
झाकणावरच्या नळीतून बुडबुडे. झकास.

५ सप्टेंबर
मेव्हिस झाकलेली टोपली घेऊन एल्विनकडे गेली. बायको गेल्यापासून तो एकटाच असतो, म्हणून कधीमधी केक देते त्याला, ते ठीक. पण केकला इतका वेळ? काय होतं टोपलीत, विचारलं. म्हणाली, "मांजर." उत्तराचा सूर संशयास्पद.

१२ सप्टेंबर
डॅमसन पिकले. फ्रीझरमध्ये गोठवून, मग वितळू देऊन बादलीत घातले. सालं फुटली की रस सुटतो. रंग माणकासारखा! पुस्तकात लिहिलंय, यापुढे झाकण उघडू नका, हवा लागू देऊ नका. लिहिणाऱ्याचा शेजारी एल्विन नव्हता. कोणी काही टाकलं तर कळणार कसं? सकाळ-संध्याकाळ उघडून पाहणार.

१५ सप्टेंबर
पुरावा मिळाला! वाटाण्याच्या वेलामागे वाकलो होतो. (शेंगा संपल्यात, पण वाकायला कोणाची बंदी नाही.) पलीकडून एल्विनचा आवाज: "पण डॅमसनला साखर किती, मेव्हिस? आणि बिया आधी काढायच्या की नंतर?" आणि माझी बायको, माझी स्वतःची बायको, म्हणाली, "नंतर. वर येतात आपोआप. पण क्लेमेंटला बोलू नकोस हं."
रात्री जेवलो नाही. म्हणजे, पुडिंग घेतलं नाही.

१६ सप्टेंबर
शत्रूला चकवायचं. पबमध्ये मुद्दाम मोठ्याने म्हणालो, यंदा माझ्या बिअरमध्ये गूजबेरी. मग एल्विन म्हणाला, "गूजबेरी? आत्ता? हंगाम केव्हाच संपला. आणल्यास कुठून, चंद्रावरून?" सगळे हसले. तो जरा जास्तच हसला. घाबरलाय.

१९ सप्टेंबर
झाकण आता दुपारीही उघडतो. आत बारीक माशा. मुद्दाम सोडलेल्या दिसतात. वर पातळ पांढुरकी साय. पुस्तकात याबद्दल काहीतरी वाईट लिहिलंय. वाचलं नाही.

२१ सप्टेंबर
तोंडावरच विचारलं. भिंतीशी उभा राहून म्हणालो, "एल्विन, तुझ्या पातेल्यात काय शिजतंय ते मला ठाऊक आहे."
त्याचा चेहरा पडला. म्हणाला, "मेव्हिसने सांगितलं?"
"सांगायची गरजच काय? दुसऱ्याच्या जिवावर नाव कमवायचं, लाज नाही वाटत?"
खाली बघत आत गेला. गुन्हेगार असेच जातात.
करवत काढली आणि त्याच्या बाजूची फांदी कापली. फळांसकट आपल्या परसात ओढून घेतली. कायदा आपल्या बाजूने असावा. बघितलेला नाही.

२२ सप्टेंबर
मेव्हिसने फांदी पाहिली. न्याहारीला अंडं एकच.

२६ सप्टेंबर
बाटल्या भरल्या. चव धारदार. धारदार म्हणजे डोळ्यांत पाणी आलं. फळांच्या बिअरमध्ये थोडी धार हवीच. मुरली की मवाळ होईल.
एल्विन भिंतीशी येत नाही. छान शांतता आहे. 'बेकरी काढलीस का' म्हणणारं कोणी नाही. चांगलंच आहे ते. दोनदा भिंतीशी जाऊन आलो, शांतता तपासायला.

१० ऑक्टोबर, शो
सकाळी बाटली पुसून बिअरच्या टेबलावर ठेवली. एल्विनची बाटली दिसेना. टेबलाखाली पाहिलं, परीक्षकांच्या गाडीत डोकावलो. एक बाई ओरडली.
दुपारी निकाल. बिअरच्या टेबलावर माझी बाटली नाही! चोरी! आरडाओरडा करणार, तेवढ्यात मेव्हिसने बाही ओढून पलीकडे नेलं. लोणची आणि चटण्यांच्या टेबलावर माझी बाटली. शेजारी चिठ्ठी: 'फळांचं व्हिनेगर. तिसरा क्रमांक. चुकून बिअरमध्ये ठेवलेलं आढळलं.' या गटात तीनच बाटल्या होत्या.
परीक्षकांकडे गेलो. म्हटलं, हा एल्विन थ्वेटचा डाव आहे. ते म्हणाले, "एल्विनने यंदा बिअर पाठवलीच नाही. त्याचा जॅम आहे, तिकडे."
जॅमच्या टेबलावर अगदी कडेला एक छोटी बरणी. डॅमसन. वाहणारा, नीट घट्ट न झालेला. नंबर नाही. लेबलवर एल्विनच्या वेड्यावाकड्या अक्षरात: 'जोन थ्वेटच्या पद्धतीने.'
जोन म्हणजे त्याची बायको. शोमध्ये दरवर्षी तिचा जॅम असायचा. फेब्रुवारीत गेली.
मेव्हिस म्हणाली, "हे वर्ष तिच्या नावाशिवाय जाऊ नये, एवढंच होतं त्याचं. तुला कळू द्यायचं नव्हतं, कारण तू हसशील. पहिला घाणा खालून करपला, वरचा अर्धवट शिजलेला तेवढा या बरणीत आला. त्याच्या बाजूच्या फांदीवरची फळं घे, असं मीच म्हटलं होतं. त्यांचा दुसरा घाणा करणार होता."
तिथे फार उकडत होतं. बाहेर येऊन उभा राहिलो.

११ ऑक्टोबर
फ्रीझरमध्ये उरलेले डॅमसन आणि कापलेल्या फांदीवरून मेव्हिसने उतरवून ठेवलेले, सगळे पिशवीत भरले. सोबत तळलेल्या बटाट्याच्या गरम चिप्स घेतल्या आणि एल्विनचं दार वाजवलं. त्याने थोडंसंच उघडलं. "हसायला आलास?"
म्हटलं, नाही. फळं आणलीत. बिया वर येतात आपोआप, असं ऐकलंय.
त्याने पिशवीत डोकावून पाहिलं. मग म्हणाला, "ये. पाय पूस."
मेव्हिसलाही बोलावलं, तिघं जेवलो. चिप्सवर नेहमीच्या व्हिनेगरऐवजी माझी बिअर शिंपडली. एल्विनने पुन्हा मागून घेतली. म्हणाला, "क्लेमेंट, इतकं चांगलं व्हिनेगर गावात कोणी केलेलं नाही." टोमणा होता की कौतुक, ठरवता आलं नाही. त्याच्या चेहऱ्याकडे फार बारकाईने पाहिलं. नुसता जेवत होता.
विचारलं, शेडमधल्या बाकीच्या बाटल्यांचं काय करू? म्हणाला, "खिडक्यांच्या काचा लख्ख निघतात व्हिनेगरने."

१३ ऑक्टोबर
त्याच्या सगळ्या खिडक्या माझ्या बिअरने पुसून दिल्या. आत मेव्हिस आणि तो जॅम ढवळत होते. मी बाहेरून ओरडून विचारलं, माल्टचा वास येतोय ना, थोडा तरी? मेव्हिस म्हणाली, "वरचा कोपरा राहिलाय."