पंचविसावं नाव

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार

अर्जातला पहिलाच प्रश्न – "संस्था नेमकी कोणती सेवा देते?" उत्तराला तीन ओळींची जागा! पेन धरून बसून राहिले. काय लिहू? अंधेरीच्या या गावठाणात, क्रुसासमोरच्या हॉलमध्ये, अकरा ते चार म्हातारी माणसं एकत्र बसतात. जेवतात, भांडतात, डुलक्या काढतात. शेवटी लिहिलं – "ज्येष्ठ नागरिकांसाठी दिवसाची देखभाल व भोजन." खोटं नाही. पण वाचताना आमचं वाटेना.

हॉल मेअखेर पाडणार आहेत. पालिकेचं अनुदान मिळालं तर भाड्याची खोली घेता येईल, आठवड्यातून दोनदा नर्स येईल. नाही मिळालं तर सगळे पुन्हा आपापल्या घरात, टीव्हीसमोर, सून कामावरून यायची वाट बघत.

१२ फेब्रुवारी, बुधवार

वॉर्ड ऑफिसातला देवेश भला माणूस आहे, फक्त आगगाडीसारखा बोलतो. पात्रतेच्या अटी धडाधड सांगितल्या. नोंदणीला तीन वर्षं – झाली. सेवा सर्व धर्मांना खुली – आहेच. लाभार्थी साठीच्या पुढचे, याच वॉर्डातले, किमान पंचवीस. प्रत्येकाला देखभालीची गरज का आहे, त्याचा डॉक्टरी दाखला.

"आणि मॅडम, काम करणारे वेगळे, लाभ घेणारे वेगळे. एक नाव दोन्ही याद्यांत आलं की अर्ज बाद."

"आमच्याकडे सगळेच काम करतात हो. धोंडिरामकाका रोज लसूण सोलतात."

"ते 'विरंगुळा' म्हणून लिहा."

हसले. घरी येऊन मोजलं आणि हसू गेलं. चोवीस! पंचविसावी एथेल आन्टी. वय अठ्ठ्याहत्तर, राहते क्रुसामागे, सगळं बसतं. पण ती तर आमचं स्वयंपाकघर चालवते. तिला कसली आलीय देखभाल? तीच सगळ्यांची करते. आईला शेवटच्या वर्षी गिळता येईना, तेव्हा भाताची पेज चमच्याचमच्याने तिनेच भरवली. मला तेवढा धीर नव्हता.

१३ फेब्रुवारी

स्वयंपाकघरात आन्टीच्या हाताखाली असते त्या शकुला सांगितलं, कागदावर आचारी तू. आन्टीचं नाव लाभार्थींत टाकते.

"माझी आमटी कोण खातलो?" म्हणाली. मग थांबून, "आन्टीक विचारलंस?"

विचारीन म्हटलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

विचारलं नाही. रक्तदाब बघायच्या निमित्ताने आन्टीला नाक्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. आधी मी एकटीच आत जाऊन बोलून आले होते. गुडघे ठणठणीत, साखर नाही, मोतीबिंदू काढून झालेला – या बाईला लिहायचं तरी काय? मीच सुचवलं. परवा कढीत दोनदा मीठ पडलं, शकुला मध्येच 'ॲन्ड्रिया' म्हणते – आन्टीची बहीण, जाऊन वीस वर्षं झाली. म्हटलं, असं काही चालेल का?

डॉक्टरांनी आन्टीला विचारलं, "आज वार कोणता?"

"डॉक्टर होऊन तुमच्याकडे कॅलेंडर नाय?"

"सकाळी काय खाल्लंत?"

"देवाने दिलेलं!"

मी पोट धरून हसले. डॉक्टर हसले नाहीत. सावकाश लिहिलं – स्मृतिभ्रंश, सुरुवातीची अवस्था. शिक्का मारला. केवढे उपकार केले माणसाने! दाखला घडी करून पर्समध्ये टाकला. वाटेत आन्टीने माझा हात धरला होता. म्हणाली, "तू गरम लागतं गो. तुजाच बीपी बघायला पायजे होता."

१८ फेब्रुवारी

अर्ज दिला. पोचपावती मिळाली.

१० मार्च, सोमवार

परवा पाहणी आहे. लाभार्थींची यादी दर्शनी भिंतीवर लागली पाहिजे, ही एक अट राहूनच गेली होती. आन्टीला सांगितलं, उद्या यादी लावायची आहे. ती खूष! "लाव. मी वाचून दाकवते सगळ्यांना."

आमच्याकडे सगळं तीच वाचून दाखवते. लग्नपत्रिका, विजेचं बिल, मयताची बातमी. बाकीच्यांचे डोळे गेलेत, आणि तिला चर्चमध्ये वाचायची लहानपणापासून सवय. उभं राहून, खणखणीत.

११ मार्च, मंगळवार

लिहावंसं वाटत नाही. पण लिहिते.

नियमात फक्त नावं लावायची होती. मी घाईत अर्जाचंच पान झेरॉक्स करून चिकटवलं – कारणांच्या रकान्यासकट. आणि आत देवेशशी फोनवर बोलत बसले.

बाहेरून हसण्याचा आवाज येत होता. आन्टीने अॅप्रन न काढताच वाचायला घेतलं होतं. "धोंडिराम – दोनी गुडघे! बघ, तुजे गुडघे म्युन्सिपाल्टीत पोचले!" काका म्हणाले, "मी नाही, गुडघे तरी पोचले!" टाळ्या. "रत्नप्रभा – दमा. रोझारिओ – ऐकायला कमी. ओ रोझारिओ! ऐकला काय?" पुन्हा हशा. अशी चोवीस नावं.

मला कळलं, तेव्हा मी फोन टाकून धावले. उशीर झाला होता. त्याच खणखणीत आवाजात तिने वाचलं – "एथेल. स्मृतिभ्रंश. सुरुवातीची –"

आणि थांबली. तिने ती ओळ पुन्हा वाचली, या वेळी मनात. ओठ हलताना दिसले. मग अॅप्रन सोडला, घडी घातली, खिळ्यावर लावला. माझ्याकडे बघून म्हणाली, "मना विचारायचा तरी. मी नाय बोलली नसती."

गेली. गॅसवर वरण करपलं.

१२ मार्च

पाहणी झाली. सगळं 'समाधानकारक'.

१४ मार्च

आन्टी आजही आली नाही.

१९ मार्च, बुधवार

तिच्या दारात गेले. तिचा मुलगा व्हर्नन बाहेर आला, दार मागे ओढून. "मम्मी झोपलीय."

सकाळी अकरा वाजता! मी माफी मागत सुटले – दाखला खोटा आहे, अर्जापुरता आहे, मीच डॉक्टरांना सांगितलं, तिला काही झालेलं नाही. तो "जान्हवी, ऐक ना" म्हणाला दोनदा. मी ऐकूनच घेतलं नाही. काय बोलणार तो? मला मेलीला शिव्याच ना! तोंड लपवून परतले.

२८ मार्च

शकुची आमटी खरंच कोणी खात नाही. रोझारिओकाका रोज विचारतात, "एथेल कवा येल?" त्यांना ऐकू येत नाही, म्हणून उत्तर द्यावं लागत नाही. तेवढंच बरं.

७ एप्रिल, सोमवार

देवेशचा फोन. "अभिनंदन मॅडम! पात्र! पंचवीसच्या पंचवीस दाखले बरोबर. पुढच्या आठवड्यात येऊन सही करून जा."

हॉलमध्ये सांगितलं. धोंडिरामकाकांनी लसणाच्या पाकळ्या उधळल्या, अक्षतांसारख्या. मी हसले सगळ्यांबरोबर. माझी नजर खिळ्यावर. अॅप्रनची घडी तशीच.

१४ एप्रिल, सोमवार

शकुला मनातलं सांगितलं – उद्या सही करायच्या आधी आन्टीचं नाव काढायला लावणार. भडकलीच.

"एका बायच्या रागापायी चोवीस जणांक रस्त्यार बसवतलंस? नाव रवता तर रवांदे! कागद तो!"

"कागदच तर तिने वाचला, शकु."

"मगे माझा काय? माका पण हयसर सोडून कोण हा?"

ती रडली. मी रडले नाही. तिचं बरोबर आहे. माझं बरोबर आहे असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. फक्त एवढं कळतं – जिने माझ्या आईला भरवलं, तिला मी खुळी ठरवून त्या खोलीत पंखा लावून बसू शकत नाही. खोटं ते खोटं.

१५ एप्रिल, मंगळवार

देवेशने अर्ज दोनदा वाचला. "मॅडम, चोवीस म्हणजे अपात्र. आणि काढलेलं नाव या वर्षात परत घेता येत नाही. विचार करा. दाखला चुकीचा होता, असं खाली लिहून द्यावं लागेल."

लिहून दिलं. सही केली. त्याने मला पाणी आणून दिलं.

हॉलमध्ये कसं सांगितलं ते लिहीत नाही. धोंडिरामकाका म्हणाले, "मे संपायला वेळ आहे." मी भिंतीवरचं पान फाडून काढलं.

व्हर्ननला निरोप पाठवला – मम्मीला सांग, तिचं नाव काढलं. तिला काही झालेलं नाही, असं मी लिहून दिलंय.

निळ्या खुणा उमटल्या, एवढंच.

२१ एप्रिल, सोमवार

आन्टी आली! अकराच्या ठोक्याला, ईस्टरचा नवा झगा घालून. खिळ्यावरचा अॅप्रन काढला, बांधला. शकुला म्हणाली, "ॲन्ड्रिया, वरणाखालचा गॅस बारीक कर." गॅसवर वरण नव्हतं. मागे दारात व्हर्नन उभा होता, मान खाली घालून.

मग माझ्याकडे वळली. चेहऱ्यावर राग शोधला मी. कुठेच नव्हता.

"ती यादी लावायची ना आज? आण गो. मी वाचून दाकवते सगळ्यांना."